बारावीनंतरच्या सुट्टीत ऑफिसमध्ये मदतनीस म्हणून तात्पुरतं काम कसं मिळवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बारावीची परीक्षा झाली, वय १८ पूर्ण, राहायला पुण्यात, जूनच्या मध्यापर्यंत वेळ आहे. ऑफिसमधलं किरकोळ काम करायची तयारी आहे, पण अनुभव नाही आणि जाहिराती बघून फोन केला की "किमान वर्षभर राहणार का?" असं विचारून फोन ठेवतात.

ते विचारणारच, कारण जाहिरात देतात ती कायमचा माणूस हवा असतो म्हणून. दोन महिन्यांच्या कामाची जाहिरात कोणी सहसा करत नाही. ते 'बदली'चं काम असतं आणि ओळखीतून किंवा दारात येऊन विचारणाऱ्याला मिळतं. म्हणून "जागा कुठे आहे" असं न शोधता "एप्रिल-मेमध्ये कोणत्या ऑफिसात हात कमी पडतात" हे शोधा. त्याचं उत्तर बरंच ठरलेलं आहे.

पहिला क्रमांक सीए आणि कर सल्लागारांच्या ऑफिसांचा. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं. एप्रिलमध्ये बँकांच्या शाखांचं ऑडिट असतं, त्यासाठी आर्टिकलची (सीए होण्यासाठी ऑफिसात काम शिकणारी) मुलं बाहेर जातात. मे महिन्यात सीएची परीक्षा असते, त्यासाठी तीच मुलं अभ्यासाची रजा घेतात. शिपाईही मुलांच्या शाळा सुटल्या की गावी जातो, लग्नसराई असतेच. आणि नेमक्या याच दिवसांत सरलेल्या वर्षाच्या व्हाउचर, बिलं, बँकेची स्टेटमेंटं लावून ठेवायची असतात, ३१ मेपर्यंत टीडीएसचं (पैसे देतानाच कापून घेतलेल्या कराचं) शेवटच्या तिमाहीचं विवरणपत्र भरायचं असतं. कागद लावणारा, स्कॅन करणारा, बँकेत जाऊन येणारा माणूस त्यांना हवाच असतो, फक्त शोधायला कोणाला सवड नसते. सदाशिव पेठ, नारायण पेठ, टिळक रस्ता, कर्वे रस्ता या पट्ट्यात जुन्या इमारतींच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर अशी ऑफिसं दाटीवाटीने आहेत. दोन सकाळी चालत फिरून पाट्या वाचल्या तरी यादी तयार होते.

दुसरी जागा म्हणजे दाखले काढून देणारी आपले सरकार सेवा केंद्रं. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रिमीलेअर यांची गर्दी निकालाच्या आसपास सुरू होते आणि प्रवेश संपेपर्यंत हटत नाही. अर्जातली नावं-तारखा कागदांशी ताडून बघणं, स्कॅन ठरावीक आकारात बसवणं, पावती देणं ही कामं तिथे लागतात. फक्त वेळ वेगळी आहे: इथे एप्रिलमध्ये विचारून ठेवा, काम मेच्या मध्यापासून मिळेल.

वकिलांच्या ऑफिसबद्दल अनेकांचा अंदाज चुकतो. मे महिन्यात कोर्टांना उन्हाळी सुट्टी असते, त्यामुळे धावपळीचं काम उलट कमी होतं. पण जुन्या फाइली लावून घ्यायला काही वकील हीच सुट्टी निवडतात. तिथे जायचं तर "फाइली लावणं आणि स्कॅनिंग करतो" असंच सांगा. क्लासेसमध्येही या दिवसांत माणसं घेतात, पण बहुतेकदा पालकांना फोन करून प्रवेश आणण्यासाठी. त्यात टार्गेट असतं आणि पगार त्याला बांधलेला असतो. तुम्हाला ऑफिसचं काम हवं असेल तर तो रस्ता मी सुचवणार नाही.

२०२४ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेबद्दलही कोणी सांगेल. ती सहा महिन्यांच्या हिशेबाने आखलेली होती आणि शिक्षण चालू असलेल्यांसाठी नव्हती, त्यामुळे सुट्टीपुरत्या कामाला ती लागू पडत नाही.

विचारायला मार्चअखेर ते १० एप्रिल हा काळ उत्तम. मे उजाडल्यावर गेलात तर कोणाचा तरी भाचा आधीच बसलेला असतो. वेळ सकाळी ११ ते साडेबारा किंवा दुपारी ४ नंतर. करांच्या ऑफिसात महिन्याच्या १०-११ आणि १९-२० तारखेला चुकूनही जाऊ नका. ११ आणि २० या जीएसटीच्या विवरणपत्रांच्या तारखा आहेत, त्या दिवशी कोणी मान वर करून बघणार नाही. रोज सहा-सात ऑफिसं पुरतात. वहीत नाव, कोण भेटलं, काय म्हणाले आणि परत कधी जायचं हे लिहा. "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणाले तर बरोबर पुढच्या आठवड्यात जा. बहुतेक जण परत जातच नाहीत, आणि परत आलेला मुलगा किंवा मुलगी मालकाच्या लक्षात राहते.

बोलणं अर्ध्या मिनिटात संपलं पाहिजे. काहीसं असं: "नमस्कार सर, मी बारावीची परीक्षा दिली आहे. १२ एप्रिल ते १५ जून रोज पूर्ण वेळ येऊ शकतो. फाइलिंग, झेरॉक्स, स्कॅनिंग, बँकेचं आणि पोस्टाचं काम करेन. मराठी युनिकोडमध्ये टाइप करता येतं. तुमच्याकडे कोणी सुट्टीवर जाणार असेल तर बदली म्हणून ठेवाल का?" शेवटचं वाक्य महत्त्वाचं. "काही काम आहे का?" याला "नाही" हे उत्तर तयार असतं. "कोणी सुट्टीवर जाणार आहे का?" असं विचारलं की समोरच्याला आपल्या माणसाची रजा आठवते. मॅडम असतील तर मॅडम म्हणा, "काका-काकू" ऑफिसात नको.

सोबत एका पानाचा बायोडेटा ठेवा: नाव, राहण्याचा भाग, फोन, शिक्षण, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, येणारी कामं, आणि तुम्हाला ओळखणाऱ्या एका शिक्षकांचं नाव, त्यांना विचारूनच. उद्दिष्टं, छंद वगैरे काढून टाका. सीईटीची तारीख असेल तर ती आधीच सांगा. "या दिवशी येणार नाही" हे पहिल्या भेटीत सांगितलेलं चालतं, आदल्या रात्री मेसेज करून सांगितलेलं चालत नाही. ओळखीसाठी आधारची प्रत मागितली तर फक्त शेवटचे चार अंक दिसणारी मास्क्ड प्रत द्या आणि त्यावर तारीख व "ओळखीसाठी" असं लिहा. मूळ गुणपत्रिका किंवा मूळ आधार कोणाकडेही ठेवायला देऊ नका.

आता काम. हे जाण्याआधी चार दिवस घरी शिकून घ्या, कारण पहिल्या आठवड्यात इथेच घोटाळे होतात.

स्कॅनिंग सोपं वाटतं आणि तिथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. गठ्ठा सोडण्याआधी प्रत्येक पानावर वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने बारीक क्रमांक घाला, म्हणजे परत लावताना क्रम चुकत नाही. टाचण्या आणि स्टेपल सगळ्या काढा. कागद आपोआप ओढणाऱ्या ट्रेमध्ये एक पिन गेली तरी काचेवर ओरखडा पडतो आणि पुढच्या प्रत्येक पानावर उभी रेघ येते. दुरुस्ती महाग असते. साध्या छापील कागदाला २०० डीपीआय (स्कॅनची बारकाई) काळं-पांढरं पुरतं, बारीक अक्षर किंवा शिक्का असेल तर ३०० घ्या. स्कॅन झाल्यावर पानं मोजा: गठ्ठ्यात ४७ आणि पीडीएफमध्ये ४६ असतील तर दोन पानं चिकटून गेली आहेत. फाइलला "स्कॅन००१२" असं नाव ठेवू नका. पक्षकाराचं नाव, वर्ष, कागदाचा प्रकार, या क्रमाने द्या.

करांच्या ऑफिसात वर्ष हा मोठा सापळा आहे. आर्थिक वर्ष २०२४-२५ चं करनिर्धारण वर्ष (त्या उत्पन्नावरचा कर ठरतो ते पुढचं वर्ष) २०२५-२६ असतं. नव्याला कागदावर "२०२५-२६" दिसतं आणि तो फाइल पुढच्या वर्षाच्या कपाटात टाकतो. ती मग नोटीस येईपर्यंत सापडत नाही. त्यात १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात 'कर वर्ष' हा तिसरा शब्द आला. फाइलच्या पाठीवर कोणतं वर्ष लिहायचं ते पहिल्याच दिवशी विचारा आणि तसंच लिहा.

पंच करताना कागद मधोमध दुमडून खूण करा, नाहीतर फाइलमध्ये पानं वरखाली होतात. मूळ करारनामा, मुद्रांकावरचा कागद, दाखला यांना कधीही भोक पाडू नका. ते प्लास्टिकच्या पाकिटात घालून लावतात.

पोस्टाचं काम मिळालं तर आवक-जावक नोंदवही समजून घ्या: तारीख, क्रमांक, कोणाकडून किंवा कोणाला, विषय, सही. नोटिशीचं पाकीट फेकू नका, त्यावरच्या शिक्क्यावरून ती कधी पोहोचली हे ठरतं. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्टाची सेवा स्पीड पोस्टमध्ये मिसळली आहे, त्यामुळे जुने साहेब "रजिस्टर कर" म्हणाले तर स्पीड पोस्टातच नोंदणीचा पर्याय आणि पोहोच हवी का, एवढं विचारून निघा.

बँकेत चेक भरायला जाताना तारीख बघा (तीन महिन्यांपेक्षा जुना चेक परत येतो), अक्षरी आणि आकडी रक्कम जुळते का बघा, आणि स्लिपच्या आपल्या भागावर शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. रोख रकमेचं काम सुरुवातीला नम्रपणे टाळलेलं बरं. घ्यावीच लागली तर देणाऱ्यासमोर मोजा आणि व्हाउचरवर आकडा लिहून सही घ्या.

ऑफिसातल्या कुठल्याही कागदाचा फोटो स्वतःच्या मोबाइलमध्ये नको, घाईत साहेबांना पाठवायलासुद्धा. पॅन, बँक खाते, सही असं सगळं एका पानावर असतं. पाठवायचंच असेल तर ऑफिसच्या संगणकावरून पाठवा.

पगाराचं आधी ठरवा, लाजू नका. दुकाने व आस्थापनांसाठीचे किमान वेतनाचे दर राज्याचं कामगार खातं परिमंडळानुसार (शहर-गावांच्या गटानुसार) जाहीर करतं आणि त्यातला विशेष भत्ता जानेवारी व जुलैत बदलतो. जाण्याआधी अकुशल कामगाराचा चालू आकडा बघून ठेवा. रोजंदारी काढताना महिन्याचा पगार २६ ने भागतात: १३,००० ठरले तर दिवसाचे ५००. मग विचारा: रविवार धरून की सोडून, अर्ध्या दिवसाचं काय, बाहेरच्या कामाचं बसभाडं किंवा पेट्रोल कोण देणार, पैसे कोणत्या तारखेला. रोज ४० रुपये बसला गेले तर २६ दिवसांचे १,०४० होतात, हे मोजून मग हो म्हणा. ठरलेलं सगळं त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर सभ्य भाषेत लिहून पाठवा: "आज ठरल्याप्रमाणे..." त्यावर "ओके" आलं की पुरे.

काम देण्याआधी नोंदणी फी, गणवेश, ओळखपत्र, ट्रेनिंग यांसाठी पैसे मागितले तर तिथूनच मागे फिरा. "घरबसल्या डेटा एंट्री" देऊन नंतर चुका दाखवत दंड मागणारेही याच दिवसांत फोन करतात. आणि "तुमच्या खात्यात पैसे येतील, पुढे पाठवा, कमिशन घ्या" हे काम नाही, गुन्ह्यात अडकणं आहे. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

सुटण्याच्या आठ दिवस आधी शेवटची तारीख पुन्हा आठवण करून द्या. निकाल लागला, प्रवेशाची धावपळ सुरू झाली आणि माणूस न सांगता बंद झाला, हे इतक्यांदा होतं की पुढच्या वर्षी ते ऑफिस विद्यार्थ्याला दारात उभं करत नाही. शेवटच्या दिवशी कोणत्या कपाटात काय लावलं याची एक पानी यादी, अर्धवट कामं आणि किल्ल्या हातात द्या, राहिलेल्या दिवसांचा हिशेब मांडा, आणि लेटरहेडवर दोन ओळींचं अनुभवपत्र मागा. तारखा आणि कामाचं स्वरूप लिहून मजकूर तुम्हीच टाइप करून नेलात तर सही तिथल्या तिथे मिळते.