प्रश्न वाचकांचे : ‘युटिल्स’ नावाची माळ्यावरची अडगळ

प्रश्न : आम्ही कोथरूड परिसरातील काही जण वेताळ टेकडीवरील झाडांची नोंद ठेवणारे मुक्तस्रोत अँड्रॉइड ॲप कोटलिन भाषेत तयार करत आहोत. सुरुवातीला आम्ही तिघेच होतो. आता महाविद्यालयीन विद्यार्थीही हातभार लावतात. आमच्या कोडचे फोल्डर ‘ॲक्टिव्हिटीज’ (ॲपचे पडदे), ‘ॲडॅप्टर्स’ (पडद्यावरील यादीत माहिती भरणारा कोड), ‘मॉडेल्स’ (माहितीचे साचे) आणि ‘युटिल्स’ (किरकोळ मदतीचा कोड) असे आहेत आणि एकट्या ‘युटिल्स’मध्ये चाळीसहून अधिक फायली साचल्या आहेत. एका सहकाऱ्याच्या मते एका रविवारी बसून सगळे नव्याने लावून टाकावे. दुसऱ्याला भीती वाटते की त्यामुळे फायलींचा जुना इतिहास, म्हणजे कोणी कधी काय बदलले याची नोंद, हरवेल. आपण काय सुचवाल?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपली सध्याची मांडणी पुण्याच्या जुन्या बाजारपेठेसारखी आहे. पुस्तके अप्पा बळवंत चौकात, साड्या लक्ष्मी रस्त्यावर, हार्डवेअरचे सामान बोहरी आळीत. ज्याला एकच वस्तू हवी आहे त्याची यात उत्तम सोय होते, पण घरात कार्य निघाले की सगळ्या पेठा पालथ्या घालाव्या लागतात. ॲपमध्ये नवी सुविधा जोडणे हे घरच्या कार्यासारखेच असते. आपल्या तिघांना सगळ्या गल्ल्या पाठ होत्या, म्हणून हे जाणवले नाही. नव्या विद्यार्थ्याला एक बटण जोडण्यासाठी चार फोल्डरांत फिरावे लागते.

म्हणून झाडाची नोंद, नकाशा, छायाचित्रे, खाते अशा सुविधांनुसार फोल्डर करावेत आणि त्या त्या सुविधेचे पडदे, ॲडॅप्टर व मॉडेल तिथेच ठेवावेत. डेटाबेस आणि नेटवर्कचा सामायिक भाग मात्र वेगळा असू द्यावा. सीमा कोठे आखाव्यात हे चर्चेने ठरवू नये. मागील वीस-पंचवीस मर्ज झालेल्या, म्हणजे मुख्य कोडात सामावून घेतलेल्या, पुल रिक्वेस्ट (बदलांचे प्रस्ताव) उघडून कोणत्या फायली वारंवार एकत्र बदलल्या ते पाहावे. ज्या एकत्र बदलतात त्या शेजारी राहाव्यात. ‘युटिल्स’मधील जी फाईल एकाच सुविधेला लागते ती तिकडे जाईल, अनेकांना लागणारी ‘तारीख’, ‘स्थान’ अशा नेमक्या नावाखाली बसेल. ‘युटिल्स’ मोडून ‘कॉमन’ नावाचा फोल्डर काढलात, तर अडगळ एका माळ्यावरून दुसऱ्या माळ्यावर गेली, एवढेच.

पडद्यांची मांडणी, चित्रे असे साहित्य ठेवणाऱ्या ‘रेस’ फोल्डरची रचना अँड्रॉइडने ठरवून दिलेली आहे. त्यातील ‘लेआउट’च्या (पडद्यांच्या मांडणीच्या) आत उपफोल्डर चालत नाहीत, त्यामुळे तिथे फाईलच्या नावाआधी सुविधेचे नाव लावणे हा सोपा मार्ग आहे.

इतिहासाविषयीची भीती निराधार नाही, पण तिच्यावर उपाय आहे. लिनस टॉरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये लिहिलेले, कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे गिट फाईल हलवल्याची स्वतंत्र नोंद ठेवतच नाही. आधीचा आणि नंतरचा मजकूर ताडून, दोहोंत किमान 50 टक्के साम्य आढळले तर, मूळ सेटिंगनुसार ती हलवलेली फाईल मानते. म्हणून एका कमिटमध्ये (एकत्र नोंदवलेल्या बदलांच्या संचात) फक्त स्थलांतर आणि त्यामुळे बदलावी लागणारी, फाईलचा पत्ता सांगणारी पॅकेज व इम्पोर्टची ओळ, एवढेच असावे. हात लागलाच आहे तर थोडी सफाईही करू, हा मोह टाळावा. अशी पुल रिक्वेस्ट स्क्वॉश करून (सगळे कमिट एकात दाबून) मर्ज करू नये, कारण मग वेगळे ठेवलेले कमिट पुन्हा एक होतात. त्यानंतर ‘गिट लॉग’ला ‘फॉलो’ हा पर्याय दिला की त्या फाईलचा स्थलांतरापूर्वीचा इतिहासही दिसतो.

एका रविवारात सर्व उरकण्याच्या मी विरोधात आहे. प्रलंबित पुल रिक्वेस्ट आधी मार्गी लावाव्यात, कोणती सुविधा कधी हलणार ते इश्यूमध्ये (प्रकल्पाच्या कामांच्या जाहीर नोंदीत) सांगावे आणि एका वेळी एकच हलवावी. सुरुवात जिथे सध्या कोणी काम करत नाही, तिथून करावी.

दोन गोष्टींना मात्र जपावे. ॲप्लिकेशन आयडी, म्हणजे ॲपचे ओळखनाम, बदलू नये. तो बदलला तर प्ले स्टोअर आपले ॲप नवेच समजते आणि जुन्या वापरकर्त्यांना अद्ययावत आवृत्ती मिळत नाही. ॲप उघडताच सुरू होणाऱ्या ॲक्टिव्हिटीचे पॅकेज बदलले, तर लोकांनी मुख्य पडद्यावर ठेवलेले चिन्ह अद्ययावत करताच नाहीसे होऊ शकते. म्हणून ती फाईल जागीच ठेवावी, अथवा मॅनिफेस्टमध्ये (ॲपच्या भागांची यादी असलेल्या फाईलमध्ये) ‘ॲक्टिव्हिटी एलियस’ हे पर्यायी नाव देऊन जुने नाव जिवंत ठेवावे.

फोल्डरांची नावे मराठी असावीत, असा आग्रह आपल्या गटात कोणी धरील. भावना समजते, पण ‘झाड’ हा शब्द रोमन लिपीत कोणी ‘झेड’ने लिहील, कोणी ‘जेएच’ने, त्यापेक्षा ‘ट्री’ बरे. सर्व नावे लहान अक्षरांत असावीत, कारण विंडोज आणि मॅक लहान-मोठ्या अक्षरांत सहसा फरक करत नाहीत, लिनक्स करते, आणि एकाच्या संगणकावर चालणारा कोड दुसऱ्याकडे अडतो. पुढे लागतील म्हणून रिकामे फोल्डर आताच काढून ठेवू नयेत. गिट ते साठवतही नाही.