१९ वर्षांवरच्या अप्रेंटिसला मॅथ्स-इंग्लिशची सक्ती नाही, तरी करवून घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात तुमचं केअर होम आहे, स्टाफमध्ये निम्म्याहून जास्त गोव्याकडची माणसं. फेब्रुवारी २०२५ पासून इंग्लंडमध्ये १९ वर्षांवरच्या अप्रेंटिसला फंक्शनल स्किल्सची (रोजच्या व्यवहारातलं गणित आणि इंग्रजी, त्यांच्या परीक्षेची) अट राहिली नाही, निर्णय मालकावर सोडलाय. मग हा व्याप ठेवायचा की सोडायचा? वर दोघांनी "सोडा, नुसता कागद आहे" असं लिहिलंय. मी इथे अकरा वर्षं मोठ्या माणसांचे संध्याकाळचे वर्ग घेतेय, म्हणून जरा लांबण लावते.

कागद हवा की नको, हे ज्याचं त्याला विचारा. तुमच्याकडच्या एखादीला पुढे नर्सिंगला जायचं असेल तर तिच्यासाठी तो नुसता कागद नाही. फंक्शनल स्किल्सची वरची पायरी, लेव्हल २, म्हणजे साधारण जीसीएसईची (इथली दहावीसारखी शालेय परीक्षा) ग्रेड ४. नर्सिंगला बरीच विद्यापीठं ते चालवून घेतात, काही जीसीएसईच मागतात, तेव्हा आधी विचारून घ्यावं. शिक्षिका व्हायचं असेल तर मात्र सरळ जीसीएसईलाच बसावं. दहावीची गुणपत्रिका असेल तर वर्गात नाव घालण्याआधी यूके एनिककडून (परदेशी शिक्षण इथल्या कशाच्या बरोबरीचं ते ठरवणारी संस्था) तिचं तुल्यता-पत्र काढा. गणित कदाचित तिथेच सुटेल. इंग्रजी सहसा सुटत नाही.

आता परीक्षेबद्दल. २०१९ मध्ये हा अभ्यासक्रम बदलला. मालक लोक म्हणत होते, पास झालेल्यांनाही साधी आकडेमोड जमत नाही. म्हणून गणितात कॅल्क्युलेटरविना एक भाग आला, २५ टक्के गुणांचा. आपल्याकडच्या बायकांचा हा भाग कधी अडत नाही. माझ्या वर्गात बार्देशकडची एक बाई होती, पावकी-निमकी तोंडपाठ. साडेसतरा टक्के विचारले की दहा, पाच आणि अडीच अशी बेरीज करून मी फळ्याकडे वळेपर्यंत उत्तर देई. ती नापास झाली ती कॅल्क्युलेटरच्या भागात! अर्धं पान मजकूर: खोलीचा नकाशा, बारा फरश्यांचा खोका, दहा टक्के फरश्या जास्तीच्या, तीन खोक्यांवर एक फुकट, आणि शेवटी "हजार पौंडांत भागेल का? कारण द्या." तिनं फक्त "हो" लिहिलं. बरोबर होतं. पण रीत नाही, कारण नाही, म्हणून बहुतेक मार्क गेले. आपल्या शाळेत शाब्दिक उदाहरणं ऑप्शनला टाकायची सवय, ती इथे महागात पडते. शिवाय लाखाचा स्वल्पविराम. १,२०,००० असा आकडा इथल्या कागदावर कुणी लिहीत नाही आणि दहा लाख म्हणजे एक मिलियन हे ऐन वेळी आठवत नाही. पहिल्याच आठवड्यात मी त्यावर एक अख्खा तास घालवते.

एक गैरसमज नको. हे फक्त बाहेरून आलेल्यांचं दुखणं नाही. माझ्या वर्गातले निम्मे इथेच जन्मलेले असतात आणि अपूर्णांक पाहून त्यांचेच चेहरे आधी उतरतात. प्रौढांच्या लिहिण्या-मोजण्यावरच्या १९९९ च्या मोझर अहवालात म्हटलं होतं की पाचातल्या एका प्रौढाला यलो पेजेसच्या (धंदेवाल्यांच्या फोनच्या डिरेक्टरीच्या) अनुक्रमणिकेत प्लंबरचं पान सापडत नाही. सगळा खटाटोप तेव्हापासून चाललाय, नावं तेवढी बदलत गेली.

तुम्हाला मालक म्हणून काय हवंय? औषधाच्या बाटलीवर ५ मिलीत २५० मिलिग्रॅम लिहिलंय आणि द्यायचंय एक ग्रॅम, तर २० मिली हे न गोंधळता यावं. दिवसभराच्या पाण्याचा तक्ता जुळावा. रात्रपाळी २१:४५ ते ०७:१५, अर्ध्या तासाची सुट्टी बिनपगारी, म्हणजे नऊ तास, हे पगाराच्या चिठ्ठीशी ताडून पाहता यावं (हे शिकवलं की काही मालक नाराज होतात, तुम्ही होणार नाही असं धरते). आणि नोंदी! "शी वॉज ओके टुडे" ही नोंद म्हणजे कोरा कागदच. किती वाजता, किती खाल्लं, आजी काय म्हणाल्या, हे लिहिता आलं पाहिजे.

इथेच माझी या परीक्षेवर नाराजी आहे. लेखनाच्या पेपरात जवळजवळ चाळीस टक्के गुण स्पेलिंग, विरामचिन्हं आणि व्याकरणाचे, शब्दकोश आणि स्पेलचेक बंद. आणि लिहायचं काय, तर अमुक सेवा बंद होतेय त्याबद्दल कौन्सिलला पत्र. पत्र आलं की आपली माणसं "रिस्पेक्टेड सर" पासून "डू द नीडफुल" पर्यंत सगळं बाहेर काढतात. पाळी बदलताना पुढच्या माणसाला चार ओळी नीट लिहून ठेवणं, याला त्यात कुठे जागाच नाही. मालकांसाठी म्हणून परीक्षा कडक केली आणि ती शाळेकडे सरकली.

म्हणून माझं म्हणणं: वर्ग ठेवा, परीक्षेची सक्ती नको. पण वर्ग चालायला तुमचा हात लागेल. आठवड्याचा एक ठरलेला तास, पगारी, आणि रोटामध्ये, म्हणजे पाळ्यांच्या वेळापत्रकात, आधीच लिहिलेला. पाळी संपल्यावर थकलेल्या बाईला बसवून काही होत नाही. तुमच्याकडचे कोरे तक्ते शिकवणाऱ्याच्या हाती द्या, राहणाऱ्यांची नावं नसलेले. आठ-दहा जण जमले तर केअर होममध्ये येऊन शिकवाल का, हे कॉलेजला विचारा. १९ वर्षांवरच्या आणि ग्रेड ४ नसलेल्या माणसाला लेव्हल २ पर्यंत फी लागत नाही. व्हिसावर आलेल्यांना त्यासाठी इथे राहण्याच्या अटी असतात, सेटल्ड स्टेटसवाल्या (कायम राहायची परवानगी असलेल्या) गोवेकरांचं बहुधा सोपं जाईल.

वर्गाच्या सुरुवातीला पातळी ठरवायला जी चाचणी घेतात तिचा निकाल मात्र कुणालाही दाखवू नका. एका ठिकाणी मॅनेजरनं तो स्टाफरूमच्या फळ्यावर लावला होता, एंट्री ३, लेव्हल १ वगैरे (लेव्हल २ च्या खालच्या पायऱ्या), नावांसकट. पुढच्या आठवड्यात तिघी आल्याच नाहीत. त्यातली एक तर घरी मुलांची गणितं सोडवून देणारी होती.

ज्यांना परीक्षा द्यायचीच आहे त्यांना इंग्रजीचे तीन भाग वेगवेगळे देता येतात. आधी वाचन, मग बोलणं, लेखन शेवटी. एकात गेलं तरी बाकीचं वाया जात नाही. आणि नर्सिंगवाली असेल तर तिला या सप्टेंबरलाच बसवा, विद्यापीठाचे अर्ज जानेवारीत असतात.