मुलाचा कुत्रा होतो, बाटलीतून जिन निघतो आणि शेवटी गालिचा उडतो: हा सिनेमा कोणता आणि त्याची गोष्ट काय?

तुम्ही दिलेल्या खुणा वाचल्या. खूप जुना पण रंगीत इंग्रजी सिनेमा, आंधळा भिकारी आणि त्याचा कुत्रा, मग त्या कुत्र्याचा मुलगा होतो, समुद्रकाठी बाटलीतून अवाढव्य जिन निघतो, आणि शेवटी तो मुलगा गालिच्यावर बसून कुठेतरी निघून जातो. लहानपणी शेजाऱ्यांकडे तुकड्यातुकड्यांत पाहिलात, इतकी वर्षं 'अलादीन' म्हणून शोधलात, आणि अजून तीन गोष्टी डोक्यात अडकल्यात: कुत्रा का झाला, हिरो नक्की कोण, आणि मुलगा शेवटी जातो कुठे.

तो अलादीन नाही. तो १९४० चा 'द थीफ ऑफ बगदाद', म्हणजे बगदादचा चोर. दिवा त्यात नाहीच. पण तुमची गल्लत समजण्यासारखी आहे, कारण १९९२ च्या कार्टून अलादीनने या सिनेमातून बरंच उचललंय. दुष्ट वजीर जाफर इथलाच, खेळण्यांत रमलेला भोळसट म्हातारा सुलतान इथलाच, आणि अलादीनच्या माकडाला जे अबू नाव आहे ते इथल्या चोर पोराचं.

गोष्ट जुळली नाही यातही तुमची चूक नाही. सिनेमा सुरूच मुळी मधून होतो. लाल शिडांचं गलबत बसऱ्याच्या बंदरात शिरतं, बाजारात एक आंधळा तरुण भीक मागतोय, त्याचा कुत्रा खोटं नाणं बरोबर ओळखतो. मग एक बाई त्याला एका वाड्यात घेऊन जाते, तिथे तो आपली कहाणी सांगायला लागतो आणि आपण मागे जातो. पहिली वीस मिनिटं जेवायला उठलेल्या माणसाला पुढचं काही कळणं शक्यच नाही. म्हणून आधी सगळं सरळ क्रमाने सांगतो.

अहमद हा बगदादचा तरुण राजा. कारभार सगळा वजीर जाफरच्या हातात. जाफर त्याला पटवतो की वेष बदलून प्रजेत फिरून या. अहमद बाजारात जातो, तर लोक आपल्या नावाने बोटं मोडतायत हे त्याला पहिल्यांदा कळतं. तिथेच एक म्हातारा भविष्य सांगत बसलाय: एक दिवस ढगांवर स्वार होऊन एक पोरगा येईल, हलक्यातला हलका, आणि बाणाने जुलमी माणसाला मारेल. हे वाक्य लक्षात ठेवा. इकडे जाफर अहमदला 'स्वतःला राजा समजणारा वेडा' ठरवून तुरुंगात टाकतो. सकाळी मुंडकं उडणार.

त्याच कोठडीत अबू भेटतो. बाजारात खायच्या वस्तू लंपास करणारं पोर. अहमद नशिबाला दोष देत बसलेला असतो, आणि या पोराने आत येता येताच पहारेकऱ्याची किल्ली मारलेली असते. माझ्या मते अख्खा सिनेमा या एका प्रसंगात आहे. त्यावर पुढे येतोच.

दोघं होडीने बसऱ्याला पळतात. तिथे राजकन्येची स्वारी निघाली की रस्ते ओस पडतात, कारण तिच्याकडे पाहील त्याला मरण. अहमद अर्थात पाहतो. मग बागेतला तो प्रसंग: राजकन्या तळ्याकाठी बसलेली, अहमद वर झाडावर, आणि तिला पाण्यात त्याचं प्रतिबिंब दिसतं. तिला वाटतं हा तळ्यातला जिन. ती पाण्याशी बोलते, तो वरून उत्तरं देतो. संवाद फार साधे, आणि आजही पाहताना गळ्याशी येतं.

पण जाफरलाही तीच हवी असते. तो सुलतानाला किल्लीचा उडता घोडा नजर करतो. घोड्यावरून शहराला एक चक्कर मारल्यावर सुलतान मुलगी द्यायला तयार! (हा सुलतान झालेला माइल्स मॅलेसन हाच सिनेमाचा संवादलेखकही आहे. स्वतःसाठी काय झकास काम लिहून घेतलंय.) राजकन्या हे कळताच पळून जाते, आणि अहमद-अबू पकडले जातात.

आता तुमचा कुत्रा. भर दरबारात अहमद जाफरला तोंडावर खोटा ठरवतो, तेव्हा जाफर नुसत्या नजरेने त्याला आंधळा करतो आणि वाचवायला धावलेल्या अबूचा कुत्रा करतो. आपल्या पुराणांत शाप मिळाला की पाय धरून उःशाप मागावा लागतो. इथे उःशाप जाफरनेच बांधून ठेवलाय, आणि तो इतका विकृत आहे की दाद द्यावी: राजकन्या त्याच्या मिठीत येईल तेव्हाच शाप सुटेल. पळालेली राजकन्या तोवर जाफरच्या हाती लागून गाढ झोपेत गेलीय, अहमदशिवाय तिला कुणी जागं करू शकत नाही, म्हणून तर सुरुवातीची ती बाई आंधळ्याला शोधत आलेली असते. तो तिला उठवतो. मग 'अहमदसाठी डोळ्यांचा हकीम गलबतावर आहे' अशी थाप मारून राजकन्येला त्या लाल शिडांच्या गलबतावर नेतात. अहमदची दृष्टी परत यावी म्हणून ती जाफरला स्वतःला मिठीत घेऊ देते. त्याच क्षणी किनाऱ्यावर अहमदला दिसायला लागतं आणि कुत्र्याचा अबू होतो. तुम्ही पाहिलात तो प्रसंग हा.

दोघं होडीतून पाठलाग करतात, जाफर वादळ उठवतो, होडी फुटते. दरम्यान जाफर म्हाताऱ्या सुलतानासाठी दुसरं खेळणं आणतो: सहा हातांची चांदीची नाचणारी बाई. सुलतान लाडाने तिच्या मिठीत शिरतो आणि तिच्या एका हातात खंजीर असतो. लहानपणी मला जिनची भीती वाटली नाही, या बाहुलीची वाटली.

आता जिन. अबू एकटा किनाऱ्याला लागलाय, वाळूत बाटली सापडते, बूच काढतो, धूर. सुलेमान बादशहाने कोंडलेला जिन, हसतो तर डोंगर हादरतात, आणि सोडवणाऱ्याला बक्षीस द्यायचं सोडून त्याला पायाखाली चिरडायला निघतो. ते प्रचंड पाऊल वर, आणि खाली मुंगीएवढा अबू. अबू म्हणतो, एवढा मोठा तू या एवढ्याशा बाटलीत होतास? मी नाही विश्वास ठेवणार. पुढचं तुम्हाला ठाऊक असणार. अरबी सुरस कथांमधल्या मच्छीमाराने हीच युक्ती केलीय, आमच्या आजोबांच्या फाटक्या प्रतीत ती गोष्ट होती. बूच घट्ट बसल्यावर सौदा होतो: तीन इच्छा.

आणि हे पोर पहिली इच्छा कसली मागतं? आई करायची तसे तव्यावर तळलेले सॉसेज. तवा येतो, चुरचुरतोय, तो खातो. राज्य नको, सोनं नको. भूक लागलीय ना. इतका खरा क्षण मला दुसऱ्या कुठल्याही जादूच्या सिनेमात आठवत नाही.

मग जिनची शेंडी धरून उड्डाण, जगाच्या माथ्यावरचं देऊळ, तिथे जाळं विणणाऱ्या राक्षसी कोळ्याशी झटापट, आणि देवीच्या कपाळावरचं सगळं दाखवणारं माणिक चोरणं. त्यात अहमद एका दरीत अडकलेला दिसतो. (ती दरी म्हणजे ॲरिझोनातलं ग्रँड कॅन्यन. सिनेमा इंग्लंडमध्ये सुरू झाला, १९३९ मध्ये युद्ध पेटलं, आणि निर्माता अलेक्झांडर कोर्डाने उरलेलं काम अमेरिकेत नेलं.) दुसरी इच्छा अहमदपर्यंत पोचण्यात जाते. तिसरी वाया जाते, आणि तीही भांडणात. माणकात अहमदला दिसतं की जाफर राजकन्येला निळं गुलाब हुंगायला लावतोय, ज्याच्या वासाने सगळं विसरायला होतं. अहमद रडकुंडीला येऊन अबूवरच डाफरतो, आणि अबू चिडून बोलून जातो, जा मग बगदादला! झालं. अहमद बगदादला, जिन मोकळा, आणि पोरगा दरीत एकटा.

हिरो कोण, याचं उत्तर इथे आहे. याच नावाचा १९२४ चा मूकपट होता, डग्लस फेअरबँक्सचा. त्यात चोरच राजकन्येच्या प्रेमात पडतो, पराक्रम करतो, तिला मिळवतो. १९४० मध्ये त्या एका माणसाचे दोन केले. प्रेम, उसासे आणि देखणं रूप अहमदला दिलं. अक्कल, धाडस आणि भूक अबूला. म्हणून अहमद सिनेमाभर पकडला जातो आणि अबू त्याला सोडवत फिरतो. पोस्टरवर नाव कुणाचंही असो, सिनेमा अबू झालेल्या साबूचा आहे.

साबू म्हणजे आपला साबू दस्तगीर. जन्म १९२४, म्हैसूर संस्थानातलं कारापूर, वडील माहूत. अमेरिकन दिग्दर्शक रॉबर्ट फ्लॅहर्टीने त्याला हत्तींमध्ये पाहिलं आणि १९३७ च्या सिनेमात घेतलं, तिथून तो थेट लंडनला. समोर जाफर झालेला कॉनराड फाइट जर्मन, नाझी सत्तेवर आल्यावर देश सोडलेला. जिन झालेला रेक्स इंग्रॅम अमेरिकन कृष्णवर्णीय नट. संगीत मिक्लोश रोझा या हंगेरियनचं. बगदादच्या गोष्टीत बगदादचं कुणी नाही, आणि देवळातली मूर्ती, सहा हातांची बाहुली हे तर बघायला गेलं तर आपल्याकडून उसनं घेतलेलं. त्यावर नाक मुरडायचं तर मुरडता येईल. मी पाहताना विसरून जातो. छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि स्पेशल इफेक्ट अशी तीन ऑस्कर त्याला मिळाली. काही ठिकाणी उडणाऱ्या जिनच्या कडा फाटलेल्या दिसतात, तेवढं माफ करा.

शेवट. अहमद आणि राजकन्या दोघांनाही मृत्युदंड. माणकात ते पाहून अबू हताशपणे माणिकच आपटतो, आणि त्या स्फोटातून एका वेगळ्याच प्रदेशात जातो. तिथले म्हातारे लोक चमत्कारांवरचा जगाचा विश्वास उडाल्यामुळे दगड झालेले असतात. त्यांचा राजा त्याला धनुष्यबाण देतो, आपल्यामागे राजा कर म्हणतो, फक्त तो उडता गालिचा तेवढा घेऊ नकोस. चोराला असं सांगायचं असतं का! अबू गालिचा उचलतो आणि बगदादवर येतो. म्हाताऱ्याचं भविष्य खरं होतंय हे पाहून लोक उठतात, जाफर उडत्या घोड्यावरून पळायला बघतो आणि अबूचा बाण त्याच्या कपाळात.

आणि तो मुलगा कुठे जातो? अहमद पुन्हा गादीवर बसतो आणि मोठ्या प्रेमाने जाहीर करतो की अबूला शाळेत घालणार, शिकवून शहाणा करणार, पुढे वजीर करणार. शाळा म्हटल्यावर अबूचा चेहरा पाहा. सगळे जयजयकारात असताना तो हळूच गालिच्यावर चढतो. खालून हाका येतात, कुठे चाललास? जरा मजा आणि धाडस शोधायला, म्हणतो, आणि हात हलवत निघून जातो.