थंडीत पूल रिकामा करावा का? आमच्या दादाने केला होता

तुम्ही विचारलंय की सोलापुरात बंगल्यामागे यंदा ८ बाय ४ मीटरचा पूल आणि शेजारी छोटा स्पा, म्हणजे जेटवाला गरम पाण्याचा टब, केला, नोव्हेंबर ते फेब्रुवारी कोणी पोहणार नाही, तर पाणी काढून ठेवावं का, आणि स्पाचं काय करायचं.

पूलचं पाणी काढू नका. स्पा वापरणार नसाल तर त्याचं काढा. उत्तर एवढंच आहे, पण एवढ्यावर थांबवत नाही, कारण हा प्रश्न आमच्या घरात तीन दिवाळ्या झाल्या तरी मिटलेला नाही.

मी पूलवाला नाही. आमचा टॉवेलचा कारखाना आहे आणि डाय हाऊस, म्हणजे रंगाईचा विभाग, मी बघतो. पाण्याचा पीएच, हार्डनेस (पाण्यातले चुन्यासारखे क्षार), क्लोरिनने कुठला रंग किती उडतो, हे माझं रोजचं काम. दादा हिशेब बघतो. शेतावरच्या घरी २०१९ मध्ये पूल झाला तेव्हापासून त्याची देखभाल माझ्याकडे आणि त्याच्या खर्चावर बोलणं दादाकडे, अशी वाटणी आहे.

२०२३ साली पाऊस दगा देऊन गेला. दिवाळीत पाहुणे येऊन पोरांनी तीन दिवस पूल घुसळला, म्हणून ते गेल्यावर मी क्लोरिनचा जोरदार शॉक डोस, म्हणजे एकदम भरपूर क्लोरिन, मारला आणि कामासाठी इचलकरंजीला गेलो. चौथ्या दिवशी परत येऊन बघतो तर वॉचमन तळाशी उभा, हातात खराटा, आणि चिखलाचा पंप शेवटचं पाणी ओढतोय. दादाला कोणीतरी व्हिडिओ पाठवला होता, थंडीत पूल बंद कसा करायचा याचा. पाणी उतरवा, पाइपांत हवा मारा, अँटिफ्रीझ घाला. ते बर्फ पडणाऱ्या मुलखासाठी आहे हो. पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं आणि पाइप फोडतं, म्हणून त्यांचा तो सगळा खटाटोप. आपल्याकडे रात्री पारा १४-१५ वर, फारच गारठा पडला तर १०-११, आणि दुपारी परत ३०. गोठायचं काय त्यात? गंमत म्हणजे ते लोकसुद्धा बहुतेक वेळा सगळा पूल रिकामा करत नाहीत, पाणी स्किमरच्या, म्हणजे वरचा कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या तोंडाच्या, खाली आणून थांबतात. दादाने तेवढंही नीट बघितलं नव्हतं.

त्याचं म्हणणं वेगळंच होतं. पावसाने पाठ फिरवली, गावात चार-चार दिवसांनी नळ येतो, आणि आपला पूल भरलेला. लोक काय म्हणतील? मी म्हटलं, ही लाज बांधताना वाटायला हवी होती, पाणी ओतून देताना नव्हे. तर म्हणे ओतलं कुठे, डाळिंबाला दिलंय. दिलं होतं खरं, थेट पंपाने, दोन ओळींना. आठवड्यात त्या ओळींची पानं कडेने करपली. माझ्या शॉक डोसने की आमच्या बोअरच्या खाराने, यावर वहिनी, दादा आणि मी, तिघांची तीन मतं आहेत. वहिनी म्हणते दोघांच्या डोक्याने.

पुढचं तुम्हाला आठवत असेलच. २०२४ च्या जानेवारीतच उजनी धरण मायनसमध्ये, म्हणजे वापरायच्या साठ्याच्या खाली, गेलं. एप्रिलमध्ये सुट्टीला पोरं येणार म्हणून दादाला पूल भरायची आठवण झाली. साधारण ४३ हजार लिटर, म्हणजे १० हजारांचे चार टँकर आणि वर थोडं. त्या एप्रिलमध्ये पोहायला टँकर मागणाऱ्या माणसाकडे टँकरवाला कसं बघतो, ते दादाने बघितलं. त्याने दिला नाही आणि बरोबरच केलं. दिवाळीत आपल्याकडे होतं तेच पाणी झाकून ठेवलं असतं तर मागायची वेळच आली नसती. टंचाईत भरलेला पूल रिकामा करणं म्हणजे काटकसर, हे गणित मला अजून कोणी समजावून दिलेलं नाही.

मग ऊन. पारा ४३ च्या वर, आणि पूल कोरडा. पूर्वेकडच्या भिंतीला दुपारचं ऊन थेट लागतं. मे महिन्यात एका दुपारी मी सावलीत बसलो होतो आणि खालून टप्प असा आवाज आला. उतरून बघितलं तर निळ्या मोझॅकचा ताटाएवढा तुकडा पोट फुगल्यासारखा पुढे आलेला. रुपयाचं नाणं घेऊन भिंत ठोकत गेलो. जिथे टाइल धरून आहे तिथे टणटण वाजतं, जिथे सुटली तिथे भद्द. त्या भिंतीत निम्म्याहून जास्त भद्द. पाणी आत असलं की टाइल सावलीत बसल्यासारखी असते, दिवसरात्रीचा फरक तिच्यापर्यंत पोचत नाही. कोरड्या पूलमध्ये ती रोज तापते, रोज आकसते आणि शेवटी मागचा मसाला सोडते. त्यात आपली काळी माती, उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, भिंतीला बाहेरून ढकलते. आतून पाण्याचा दाब असला तर तेवढा तोल राहतो. जूनच्या पावसात तळाला वीतभर पाणी साचलं आणि आठ-दहा दिवसांत डासांची फौज उठली. दुरुस्तीला जे गेलं त्यात दोन वर्षांचं केमिकल आणि वीज आली असती.

विजेचं म्हणाल तर तुमच्या मापाच्या पूलला १ एचपीचा पंप असेल. उन्हाळ्यात आठ तास चालवत असाल तर थंडीत चार पुरे, आणि ते दुपारी. दिवसाला ३ युनिट, चार महिन्यांचे ३६०. दादा, वाचतोयस ना, ३६०.

थंडीत शेवाळ आळसावतं, मरत नाही. क्लोरिन १ ते २ पीपीएम (दहा लाख भाग पाण्यात एक-दोन भाग) असू द्या, पीएच ७.२ ते ७.६. आठवड्यातून एकदा मोजा, मनाने टाकू नका. कडेने ब्रश फिरवा, विशेषतः पायऱ्यांच्या कोपऱ्यात आणि शिडीच्या मागे, पाणी तिथे फिरत नाही. ट्रायक्लोरोच्या (क्लोरिनच्या) गोळ्या स्किमरमध्ये टाकून ठेवायची सवय असेल तर सोडा. आता पंप वीस तास बंद राहणार, तेवढा वेळ गोळी तिथेच विरघळते आणि आंबट पाणी थेट पंपाच्या पोटात जातं. फ्लोटरमध्ये, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या डबीत, घाला. सँड फिल्टरचा दाबाचा काटा फिल्टर स्वच्छ असताना जिथे असतो तिथून ८-१० पीएसआय वर गेला की बॅकवॉश करा, म्हणजे उलटं पाणी सोडून वाळू धुवा, काचेतलं पाणी निवळलं की लगेच थांबा. दर रविवारी करायचाच म्हणून करणारे लोक बघितलेत, तो बॅकवॉश नव्हे, पाण्याचा अभिषेक.

आपल्याकडचा खरा त्रास हार्डनेसचा आहे. थंडीची हवा कोरडी, रोज ३ मिमी पाणी उडालं तरी तुमच्या पूलमधून जवळपास १०० लिटर जातं. उडतं ते पाणी, क्षार मागेच राहतात. तुम्ही वरून बोअरचं भरता, त्यात अजून क्षार. फेब्रुवारीपर्यंत पाण्याच्या रेषेवर पांढरी किनार धरते आणि ती घासून जात नाही. म्हणून झाकण घ्या, साधं बबल कव्हर चालेल, आणि पावसाचं साठवलेलं पाणी असेल तर भर टाकायला ते वापरा. साधं ब्लिचिंग वापरत असाल तर त्यातूनही चुना जातो हे लक्षात ठेवा. पाणी १०० लिटरपेक्षा फारच जास्त जातंय असं वाटलं तर बादली भरून पायरीवर ठेवा, आत-बाहेर दोन्हीकडे खूण करा आणि २४ तासांनी बघा. दोन्ही सारखं उतरलं तर ऊन-वारा, पूलचं जास्त उतरलं तर गळती.

बदामाचं झाड जवळ आहे का? असेल तर जानेवारीत लाल पानं पडतील, ती त्याच दिवशी काढा. एक पान दोन रात्री तळाला राहिलं की टाइलवर त्याची शिरांसकट छापील नक्कल उमटते. आमच्या डाय हाऊसमध्ये इतका पक्का रंग बसत नाही.

आणि ‘थंडीत कोणी पोहणार नाही’ हे आत्ता म्हणताय. हुरड्याला पाहुणे येतील, गड्ड्याच्या यात्रेला भाचरं येतील, दुपारी बाराला ऊन चांगलं तापलेलं असतं, पोरं काय तुमची परवानगी घेऊन उडी मारणार आहेत का? हुरड्याची भट्टी मात्र वाऱ्याची दिशा बघून लावा, गोवरीची राख पूलमध्ये गेली की पाणी दोन दिवस दुधाळ राहतं. पूल तापवायच्या भानगडीत पडू नका, आमच्या पूलएवढं ४३ हजार लिटर पाणी एक अंशाने गरम करायला ५० युनिट लागतात. एका अंशाला.

स्पाचं उलट आहे. थंडीत मजा त्याचीच, १,२०० लिटर पाणी २० वरून ३८ अंशांवर आणायला २५ युनिट, चार माणसांना परवडतं. पण कोमट पाण्यात जंतू झपाट्याने वाढतात आणि गरम पाणी क्लोरिन खातं, त्यामुळे वापरात असेल तर ३ ते ५ पीपीएम ठेवा, दर वेळी आत उतरण्याआधी मोजा, आणि तीन महिन्यांनी पाणी पूर्ण बदला. ४० च्या वर तापमान नेऊ नका, पंधरा-वीस मिनिटांत बाहेर या. गरोदर बाई, हृदयाचा किंवा बीपीचा त्रास असलेला माणूस, लहान मूल, यांना बसवू नका. एवढं होणार नसेल तर सरळ रिकामा करून, जेटच्या पाइपांतलं पाणीही काढून, कोरडा पुसून झाकून टाका. अर्धवट भरलेला, बंद, कोमट स्पा हा तिसरा पर्याय नाही.

आधी लिहायला हवं होतं ते आता लिहितो. हे सगळं काँक्रीट-टाइलच्या पूलचं. फायबरचा असेल तर रिकामा करायचं नावच काढू नका, पावसाळ्यानंतर जमिनीत पाणी असताना तो वर उचलला जाऊ शकतो. टाइल आधीच सुटली असेल आणि दुरुस्ती करायची असेल तर रिकामा करावाच लागेल, पण मग हिवाळ्यात काढा आणि फेब्रुवारीत भरून मोकळे व्हा. ॲसिड आणि ब्लिचिंग एका खोलीतसुद्धा ठेवू नका, एकमेकांत मिसळले तर विषारी वायू होतो. दोन प्रकारचं क्लोरिन एका डब्यात मिसळू नका, आग लागते. केमिकल पाण्यात घाला, केमिकलवर पाणी ओतू नका. बबल कव्हर म्हणजे जमीन नव्हे, घरात लहान पोर असेल तर कुंपण आणि कडी हवीच.

दादाचं आजही म्हणणं आहे की त्याने रिकामा केला म्हणूनच सुटलेल्या टाइल वेळेत लक्षात आल्या.

स्किमरचं झाकण हाताने उघडू नका, आधी काठीने उचला. थंडीत तिथे ऊब असते. आमच्याकडे मागच्या डिसेंबरात विंचू निघाला, आणि नांगी मारली ती मला, दादाला नाही.