बेट लावली कुणावर, ते आधी बघा

मागच्या अंकात फुटबॉलर आणि बेटिंग यावर जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या, तर निम्म्या वाचकांनी "यांना फार सोडता तुम्ही" म्हणून झापलं आणि निम्म्यांनी "पोरांचं करिअर बरबाद करतात" म्हणून. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, त्यातले काही प्रश्न घेतलेत.

प्रश्न : तेव्हा ब्रेंटफर्ड क्लबमध्ये असलेल्या आयव्हन टोनीने २३२ वेळा बेटिंगचा नियम मोडला आणि शिक्षा काय, तर ८ महिने! त्यात स्वतःच्या टीमच्या हरण्यावर पण पैसे लावले होते म्हणे. हा घरभेदीपणाच झाला ना? कायमचं बाहेर का नाही काढलं?

उत्तर : २३२ हा आकडा ऐकून माझंही पहिल्यांदा तुमच्यासारखंच झालं होतं. पण निकालाची कागदपत्रं वाचली की चित्र जरा बदलतं. टोनीने स्वतःच्या क्लबच्या हरण्यावर १३ बेट लावल्या होत्या, ७ मॅचेसवर, आणि त्यातल्या एकाही मॅचमध्ये तो खेळत नव्हता, बहुतेक वेळा तर तो दुसऱ्याच क्लबकडे लोनवर, म्हणजे ठरावीक काळ उसना गेलेला होता आणि बेट होती मूळ क्लबच्या हरण्यावर. म्हणजे मैदानात उतरून मुद्दाम बॉल बाहेर मारला असला प्रकार नाही. चुकलाच, सुरुवातीला चौकशीत खोटं पण बोलला, त्यामुळे मला त्याची बाजू घ्यायची नाहीये. इंग्लंडच्या एफएच्या, म्हणजे फुटबॉल असोसिएशनच्या कमिशनने १५ महिन्यांपासून सुरुवात केली, गुन्हा कबूल केला म्हणून ४ महिने कमी केले, मानसोपचारतज्ज्ञाने जुगाराचं व्यसन असल्याचं सांगितलं म्हणून आणखी ३ कमी, राहिले ८, वर ५० हजार पाउंड दंड. हा हिशोब मला ठीक वाटतो.

मला खटकलं ते वेगळंच. बंदी लागली मे २०२३ मध्ये, आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत त्याला टीमबरोबर साधा सराव करायलाही परवानगी नव्हती. आता बघा, डॉक्टर सांगतायत की या पोराला व्यसन आहे, आणि आपण काय करतो, तर त्याच्या दिवसातून सकाळचं ट्रेनिंग, सोबतची पोरं, कोच, फिजिओ सगळं काढून घेतो आणि हातात मोबाइल तेवढा ठेवतो. ज्या मोबाइलवर हे सगळं चालू होतं तोच! मॅच खेळू देऊ नका, पैशाने मारा, पण मैदानावर यायचं बंद करून काय साधलं ते मला आजवर कुणी नीट सांगितलेलं नाही.

प्रश्न : मी अकरावीत आहे. मला एक कळत नाही, खेळाडूने स्वतःची टीम जिंकेल म्हणून बेट लावली तर त्यात वाईट काय? उलट तो अजून जीव तोडून खेळेल.

उत्तर : छान विचारलंस रे, हा प्रश्न मोठमोठ्यांना पडतो. समज एक गोलकीपर दर आठवड्याला आपल्या टीमच्या जिंकण्यावर पैसे लावतो, आणि एका आठवड्यात लावत नाही. मग त्या आठवड्यात काय झालं? कुणाचा तरी गुडघा दुखतोय, कोचशी भांडण झालंय, काहीतरी त्याला माहितीये जे बाहेर कुणाला माहीत नाही. म्हणजे बेट न लावणं हीसुद्धा एक टिप झाली. दुसरं म्हणजे हरत गेला की उधारी वाढते, आणि उधारी वसूल करायला येणारा माणूस पैसेच मागेल असं नाही, "पुढच्या मॅचला एक पिवळं कार्ड घे, हिशोब मिटला" असंही म्हणेल. म्हणून इंग्लंडमध्ये १ ऑगस्ट २०१४ पासून वरच्या सगळ्या लीगच्या खेळाडूंना फुटबॉलवर, जगातल्या कुठल्याही मॅचवर, बेट लावायला पूर्ण बंदी आहे. नियम एवढा कडक आहे कारण मध्ये रेघ मारली की ती रेघ सरकवणारे पण तयारच असतात.

प्रश्न : पूर्वीच्या काळी अशांना सरळ जेलमध्ये टाकायचे. ते बरोबर होतं असं वाटत नाही का?

उत्तर : तुम्ही बहुतेक शेफिल्ड वेन्सडे या क्लबच्या प्रकरणाबद्दल बोलताय. १ डिसेंबर १९६२, इप्सविचशी मॅच. पीटर स्वॉन, टोनी के आणि डेव्हिड लेन या तिघांनी आपलीच टीम हरणार म्हणून प्रत्येकी ५० पाउंड लावले. टीम २-० ने हरली. गंमत म्हणजे एका पेपरने त्या मॅचचा सर्वात चांगला खेळाडू म्हणून टोनी के यालाच निवडलं होतं. १९६४ मध्ये एका वर्तमानपत्राने भांडं फोडलं, जानेवारी १९६५ मध्ये तिघांना ४ महिन्यांची कैद आणि फुटबॉलमधून आजन्म बंदी. स्वॉन इंग्लंडकडून १९ मॅचेस खेळलेला डिफेंडर, के तर तोवर एव्हर्टनकडे जाऊन लीग जिंकून बसलेला. सगळं संपलं. १९७२ मध्ये स्वॉन आणि लेनची बंदी उठवली, पण तोवर स्वॉन पस्तिशीत गेला होता.

स्वॉनने पुढे सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. तो म्हणायचा की ती मॅच आम्ही खरंच हरलो, मुद्दाम नाही, पण आम्ही जिंकत असतो तर मी काय केलं असतं ते मला आजही सांगता येत नाही. बस, इथेच सगळा फरक आहे. ज्या मॅचमध्ये तुम्ही स्वतः उतरणार आहात आणि ती हरण्यावर तुमचे पैसे आहेत, तिथे माझ्याकडून काडीची दयामाया नाही, तिथे आजन्म बंदी म्हटलं तरी मी वाद घालणार नाही. पण तीच काठी लोनवर असताना दुसऱ्या लीगच्या मॅचवर मोबाइलवरून बेट लावणाऱ्या पोराच्या पाठीत घालायची म्हणजे सगळ्यांना एकाच मापाने मोजणं झालं.

प्रश्न : मग तुमच्या मते आजच्या काळातली सगळ्यात शहाणी शिक्षा कुठली?

उत्तर : सांद्रो तोनालीची. मिलानकडून न्यूकॅसलला आला २०२३ च्या जुलैमध्ये, ऑक्टोबरमध्ये इटलीतल्या बेटिंगच्या चौकशीत सापडला, मिलानच्या जिंकण्यावर पण पैसे लावले होते त्याने. इटलीच्या फेडरेशनने शिक्षा दिली १८ महिन्यांची, पण त्यातले ८ महिने उपचार आणि किमान १६ ठिकाणी जाऊन पोराटोरांसमोर, व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांसमोर बोलायचं यात बदलले, प्रत्यक्ष बंदी १० महिने. आणि महत्त्वाचं म्हणजे न्यूकॅसलबरोबर सराव चालू ठेवू दिला. युव्हेंटसच्या निकोलो फाजोलीला पण अशीच, ७ महिने बंदी आणि ५ महिने उपचार.

पुढे तोनालीने स्वतःहून सांगितलं की इंग्लंडमध्ये आल्यावरही मी बेट लावत होतो, पन्नासेक. तेव्हा एफएने २ महिन्यांची बंदी दिली पण ती टांगती ठेवली, पुन्हा चुकलास तर लागू. यावर बरीच बोंबाबोंब झाली, मोठा प्लेअर म्हणून सोडला वगैरे. मला नाही पटत. जो स्वतःहून येऊन सांगतो त्याला जर तुम्ही तेवढंच हाणणार असाल तर उद्या कोण येऊन सांगेल? ऑगस्ट २०२४ मध्ये तो परत मैदानात आला, आणि मार्च २०२५ मध्ये न्यूकॅसलने लिव्हरपूलला २-१ हरवून लीग कप जिंकला त्या टीममध्ये होता.

प्रश्न : क्लबच्या शर्टवर बेटिंग कंपनीचं नाव, स्टेडियमभर त्यांच्याच जाहिराती, आणि खेळाडूने बेट लावली की तो पापी! लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय?

उत्तर : हो, आणि याचं सगळ्यात भारी उदाहरण एका पायचं (pie, आत सारण भरून भाजलेला पदार्थ) आहे. फेब्रुवारी २०१७, एफए कपमध्ये सटन युनायटेड हा छोटा क्लब विरुद्ध आर्सेनल. सटनचा राखीव गोलकीपर वेन शॉ, वय चाळिशीच्या पुढे, चांगला धिप्पाड माणूस. एका बेटिंग कंपनीने भाव काढला होता, हा टीव्हीवर पाय खाताना दिसेल का, एकास आठ. तिन्ही बदली खेळाडू उतरून झाले, आता आपल्याला काही खेळायचं नाही हे कळल्यावर गड्याने बेंचजवळ उभं राहून खरंच पाय खाल्ला! २ महिने बंदी, ३७५ पाउंड दंड, क्लबही सोडावा लागला. आणि त्या दिवशी सटनच्या शर्टवर नाव कुणाचं? त्याच कंपनीचं. भाव काढणारे तेच, जाहिरात त्यांची, नोकरी मात्र शॉची गेली.

एफएचं पण तसंच. एप्रिल २०१७ मध्ये बर्नलीच्या जोई बार्टनला १० वर्षांतल्या १२६० बेट्ससाठी १८ महिने बंदी दिली, आणि त्या वेळी खुद्द एफएचा एका बेटिंग कंपनीशी करार चालू होता. जूनमध्ये तो मोडला, तेवढं बरं केलं. बार्टनची शिक्षा अपिलात जवळपास ५ महिन्यांनी कमी झाली पण तो खेळाडू म्हणून परत आलाच नाही. प्रीमियर लीगच्या क्लब्जनी २०२३ मध्ये ठरवलं की २०२५-२६ चा सीझन संपला की शर्टच्या पुढच्या बाजूवरून बेटिंगची नावं काढायची. पुढच्या बाजूवरून हं, बाहीबद्दल काही म्हटलेलं नाही.

पण एक सांगतो, हा ढोंगीपणा खरा असला तरी "शर्टवर नाव होतं म्हणून मी लावली" ही पळवाट मी मान्य करणार नाही.

प्रश्न : स्वतः एक पैसा न लावता पण बंदी लागते का? किरन ट्रिपियरचं काय प्रकरण होतं?

उत्तर : लागते, आणि माझ्या मते तीच जास्त लागायला पाहिजे. २०१९ च्या जुलैमध्ये ट्रिपियर टॉटनहॅम सोडून अॅट्लेटिको माद्रिदला चालला होता, ते बाहेर फुटायच्या आधी त्याने मित्रांना मेसेजवर सांगितलं, माझ्या जाण्यावर हवं तर लावा पैसे. स्वतः लावले नाहीत, त्याचा फायदाही झाला नाही. डिसेंबर २०२० मध्ये १० आठवडे बंदी आणि ७० हजार पाउंड. लोक म्हणतात मित्रांशी गप्पा मारल्या त्यात काय, पण समोर बेट घेणाऱ्याला माहीतच नाही की पत्ते आधीच उघडे आहेत. टोनी आपल्या व्यसनात बुडत होता, इथे आतली बातमी बाहेर वाटली गेली, खेळाचा भरवसा जातो तो असल्या गोष्टींनी जास्त. माझ्या घरात पण यावर वाद आहे, बायकोला हे अजिबात पटत नाही, असो.

प्रश्न : खेळाडू सोडा, रेफ्रीच बेट लावत असतील तर?

उत्तर : मग कुंपणानेच शेत खाल्लं. तुर्कीत ऑक्टोबर २०२५ मध्ये फेडरेशननेच सांगितलं की ५७१ पैकी ३७१ रेफ्रींची बेटिंगची खाती आहेत आणि त्यातले १५२ जण बेट लावतात. नंतर १०२४ खेळाडूंची नावं शिस्त समितीकडे गेली, वरच्या दोन लीगमधल्या १०२ जणांना ४५ दिवसांपासून १२ महिन्यांपर्यंत बंदी. खेळाडूंमध्ये असा फरक केला ते योग्य, पण रेफ्रीच्या बाबतीत मी कडवा आहे. शिट्टी ज्याच्या हातात त्याने एकदा जरी लावली तरी शिट्टी परत द्यायची.

प्रश्न : मी एका हौशी क्लबचा कोच आहे. आमचा एक चांगला मिडफिल्डर रोज मोबाइलवर फुटबॉलवर बेट लावतो, टीममधल्या दोघांकडून उसने पैसे पण घेतलेत. टीममधून काढून टाकू का?

उत्तर : सर, आधी एवढंच शोधा की आपल्या स्वतःच्या मॅचवर किंवा आपल्या स्पर्धेवर काही लावलंय का. लावलं असेल तर तुमच्या हातात काही नाही, असोसिएशनला कळवा, त्यालाच कळवायला लावलंत तर आणखी चांगलं. नसेल तर काही मॅचेस बाहेर बसवा, नक्की किती ते त्याला तोंडावर सांगा, पण प्रॅक्टिसला यायचंच, रोज, वेळेवर. उसने पैसे दिलेल्या दोघांना सांगा की अजून एक रुपयाही देऊ नका, दया म्हणून सुद्धा नाही. आणि त्याला विचारा की खाती बंद करताना मी शेजारी बसलो तर चालेल का. चालेल म्हणाला तर त्याच संध्याकाळी बसा, मॅचच्या आदल्या दिवसाची वाट बघू नका.