हॉलच्या भिंतीवर हाताने रंगवलेलं निसर्गचित्र करून घ्यायचं आहे. डिझाइन कसं निवडावं आणि खर्च किती येतो?

डिझाइन राहू द्या, आधी भिंतीला हात लावून बघा. सतरा वर्षं मी लोकांच्या घरच्या भिंती रंगवते आहे, आणि असा प्रश्न दिसला की मला ठाण्यातली एक भिंत आठवते. त्यामुळे उत्तर लांबणार.

ते काम धाकट्या दिरांकडून आलं होतं. ते इंटिरियरची कंत्राटं घेतात. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, सोफ्यामागची बारा बाय नऊची भिंत. भावजींनी कॅटलॉगातला चेरी ब्लॉसम ठरवूनच ठेवला होता. मी घर बघायला गेले ती मेच्या पहिल्या आठवड्यात, आणि गॅलरीला लागून बहावा नुसता लगडलेला. म्हटलं, हा दारात उभा असताना जपानचं झाड कशाला? घरातल्या आजी तिथल्या तिथे माझ्या पार्टीत आल्या.

दोन दुपारी गॅलरीत बसून स्केचेस केली. बहाव्याचा घोस वरून खाली उमलत येतो. वर पूर्ण उघडलेली फुलं, खाली टोकाला हिरवट मण्यांसारख्या कळ्या. प्रत्येक फुलातून तीन लांब केसर आकड्यासारखे वाकून बाहेर येतात. छापील वॉलपेपरवर बहुतेक वेळा सगळी फुलं एकाच वयाची असतात, त्यामुळे झाड गॅदरिंगला नटवल्यासारखं दिसतं. गेल्या वर्षीच्या काळ्या शेंगाही मी घेतल्या. आजी म्हणाल्या, "फुलं छान गं, पण त्या काठ्या कशाला लोंबतायत?" मी एक कमी केली, तीन ठेवल्या.

आता मुद्द्याचं. भिंतीला पुट्टी मारून, घासून तयार होती. डाव्या कोपऱ्यात खाली हात ठेवला तर गार लागली. पलीकडे बाथरूम. मी म्हटलं, भावजी, ओल आहे. "वहिनी, ताजी पुट्टी गारच लागते. तुम्ही फुलं काढा." वास्तुशांतीची तारीख तोंडावर होती. मी काढली फुलं. ही चूक माझी, मान्य आहे.

ऑगस्टमध्ये आजींनी फोटो पाठवला. कोपऱ्यात लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर येणारा पांढरा क्षार, फुटलेला आणि माझ्या बहाव्याचा बुंधा पोपड्यांसकट सोफ्यामागे पडलेला. भावजींनी घरमालकांना सांगितलं, वहिनींनी हलका रंग वापरला. हलका! तोच रंग वरच्या घोसांवर आजही जसाच्या तसा आहे.

पुढे पाइप दुरुस्त झाला, तिथलं प्लास्टर विटेपर्यंत खरवडलं आणि भिंत दिवाळीनंतरपर्यंत उघडी ठेवली. बुंधा मी घरी कॅनव्हासवर रंगवला आणि नेऊन चिकटवला. सांधा दिसत होता, म्हणून त्यावर एक तांबट पक्षी बसवला. ही युक्ती माझी नाही. अठराव्या शतकात चीनमधून हाताने रंगवलेल्या कागदाचे पट्टे युरोपातल्या बड्या घरांत जायचे. लावताना जोड उघडा पडला की उरलेल्या कागदातला पक्षी किंवा फुलपाखरू कापून त्यावर डकवायचे. घरी कोणी पाहुणे आले की आजी आधी तो तांबटच दाखवतात.

तेव्हापासून माझा नियम एकच. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीला घट्ट चिकटवायचा आणि दोन दिवसांनी काढायचा. भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर मी ब्रश पिशवीतून काढत नाही, मुहूर्त कुणाचाही असो. नवीन प्लास्टर असेल तर निदान महिनाभर थांबा.

डिझाइनचं थोडक्यात सांगते. सोफ्यामागे खालचे तीन फूट जवळजवळ मोकळे सोडा. ते झाकलेच जातात, शिवाय तिथे तेल लावलेली डोकी टेकतात. टीव्हीच्या भिंतीवर काही काढू नका. पिवळा रंग झाकत नाही, खाली पांढरा द्यावाच लागतो, आणि पिवळ्याच्या सावलीत काळा मिसळलात की शेवाळी चिखल होतो. झाड कुठलं, ते खिडकीतून दिसतं ते बघून ठरवा. ताम्हण, पांगारा, काटेसावर, काय वाट्टेल ते. इंटरनेटवरून उतरवलेला मोर मला सांगू नका.

खर्च मी स्क्वेअर फुटावर सांगत नाही, दिवसांवर सांगते. बारा बाय नऊच्या दाट बहाव्याला मला अकरा दिवस लागले होते. तेवढ्याच भिंतीवर बांबूची चार बेटं असती तर पाच दिवसांत झाली असती. कुणी भिंत न बघता फोनवरच आकडा सांगत असेल, तर तो भिंतीचा विचार करत नाहीये.

"छापलेलं आणि काढलेलं कुणाला कळतंय?" हे भावजींचं आवडतं वाक्य. पहिल्या दिवशी नाही कळत. सहा महिने रोज चहा पीत समोर बसलात की तेच पान चौथ्यांदा दिसतं, मग कळतं. हां, भाड्याचं घर असेल किंवा भिंतीवर रेघोट्या मारणारं पोर असेल तर छापीलच लावा, मला द्यायचे पैसे वाचवा. ते मी भावजींच्या तोंडावरही म्हणेन.

आणि भावजी, हे वाचत असाल तर, तो बाथरूमचा पाइपच होता.