शेठला काय कमी आहे?

प्रश्न: ताई, मी नाशिकच्या सिडकोत राहतो, अंबड एमआयडीसीत सुपरवायझर आहे. वॉर्डातून एक बिल्डर शेठ उभे राहणार अशी चर्चा आहे. गणपतीत मंडळाला त्यांनी आरओ मशीन बसवून दिलं, तेव्हापासून वडील फिदा. म्हणतात, "त्याला काय कमी आहे, तो कशाला खाईल, खातात ते उपाशी." मला पटत नाही पण उत्तरही सुचत नाही. की मीच जळतोय?

उत्तर: जळत असाल थोडं, चालतंय. आणि वडिलांचंही अगदीच चुकत नाही हो, स्कूटरवरून निवडून आलेला माणूस पाच वर्षांत फॉर्च्युनरमधून उतरताना आपण सगळ्यांनीच बघितलाय, मग वाटतं की आधीच पोट भरलेला बरा. पण विजय मल्ल्यांना काय कमी होतं? २००२ आणि २०१० ला राज्यसभेत गेले, स्वतःची विमान कंपनी असताना नागरी उड्डाण खात्याच्या संसदीय सल्लागार समितीवर बसले, आणि २०१६ ला बँकांची कर्जं मागे ठेवून देशाबाहेर.

नुसत्या पैशाला लोक भुलतात असंही नाही. १९७१ ला नवल टाटा दक्षिण मुंबईतून अपक्ष उभे होते, टाटा नाव असून पडले. भुलतो आपण सैल हाताला, म्हणजे वर्गणी, रुग्णवाहिका, तुमचं ते आरओ.

वडिलांना एवढंच विचारा की शेठचा पैसा येतो कुठून. पिंपळगावचा द्राक्षवाला एक्स्पोर्टर उभा राहिला तर त्याच्या कंटेनरशी महापालिकेचा काय संबंध? बिल्डरचं तसं नाही, ग्रीन झोनचा (शेतीचा) येलो झोन (रहिवासी) करणं, डीपीतलं म्हणजे शहराच्या विकास आराखड्यातलं आरक्षण, टीडीआर म्हणजे जागेच्या बदल्यात मिळणारा बांधकामाचा हक्क, बांधकाम परवानगी, त्याचा अर्धा धंदा नगररचना विभागातूनच जातो. पालिकेच्या कंत्राटात स्वतःचा किंवा पार्टनरचा हिस्सा निघाला तर नगरसेवकपद जातं हे कायद्यात आहे, पण परवानगी म्हणजे कंत्राट नव्हे ना, तिथेच सगळी गंमत!

फॉर्म भरला की शेठचं शपथपत्र डाउनलोड करा. एकूण आकडा सोडा, जमिनी कुठे कुठे आहेत ते बघा. त्यात बायको आणि अवलंबून असलेली माणसंच येतात, कमावता मुलगा किंवा भाऊ येत नाही, हेही वडिलांच्या कानावर घाला.

आरओचं पाणी मात्र बिनधास्त प्या. फक्त निवडणुकीनंतर फिल्टर बदलायचे पैसे कोण देणार, ते मंडळात आत्ताच विचारून घ्या.